पहिले धनुष्य घडवताना

ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सीमेवरील आल्प्स पर्वतात १९ सप्टेंबर १९९१ रोजी दोन गिर्यारोहकांना वितळत्या बर्फातून वर आलेला एक मृतदेह दिसला. तो अलीकडच्या एखाद्या अपघातातील असावा, असे प्रथम वाटले. तपासाअंती तो सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा निघाला. पुढे 'ओत्सी' या नावाने जगभर ओळखल्या गेलेल्या या माणसाजवळ तांब्याची कुऱ्हाड होती, भात्यात चौदा बाण होते आणि यू वृक्षाच्या लाकडाचे १.८२ मीटर लांबीचे, म्हणजे त्याच्या स्वतःच्या उंचीहूनही मोठे धनुष्य होते. परंतु हे धनुष्य अपुरे होते. त्याच्या अंगावर तासणीचे घाव स्पष्ट दिसत होते आणि दोरी अडकवण्यासाठी खाचाही पाडलेल्या नव्हत्या. चौदा बाणांपैकी केवळ दोनच पूर्ण झालेले होते. दहा वर्षांनी, २००१ मध्ये, क्ष-किरण तपासणीत त्याच्या डाव्या खांद्यात रुतलेले चकमकीच्या दगडाचे बाणाग्र सापडले. ज्याचे स्वतःचे धनुष्य पुरे व्हायचे राहिले होते, तो दुसऱ्याच्या धनुष्याला बळी पडला होता.

धनुष्य ही घाईने होणारी वस्तू नाही, हे सांगण्यास याहून बोलके उदाहरण नसेल. आज कोणाचे प्राण धनुष्यावर अवलंबून नाहीत. तरीही जगभर अनेक हौशी माणसे स्वतःच्या हाताने लाकडी धनुष्य घडवू पाहतात आणि त्यांतील अनेकांचे पहिले धनुष्य मोडते. लाकूड वाईट असते म्हणून ते मोडते, असे नेहमीच नसते. बहुतेक वेळा ते एखाद्या ठिकाणी जास्त तासले गेलेले असते किंवा त्याची तयारी होण्यापूर्वीच ओढले गेलेले असते. टोके पुढे वळवलेले, म्हणजे ज्याला 'रिकर्व्ह' म्हणतात ते धनुष्य करायचे असेल, तर चुकीला जागा आणखी कमी उरते. म्हणूनच हे काम समजून घेण्याचा खरा मार्ग लाकडावर पडणारा ताण समजून घेण्यातून जातो.

पाठ आणि पोट

मराठीत 'कमान' हा फारसीतून आलेला शब्द इमारतीच्या दाराला वापरतात, तसाच तो मालमोटारीच्या कमानपाट्यांनाही वापरतात. मूळ फारसीत त्याचा अर्थ धनुष्य. या तिन्ही वस्तूंत नाते आहे आणि कमानपाट्याशी धनुष्याचे नाते तर अगदी सख्खे. धनुष्य ही एक स्प्रिंगच होय. माणसाचा स्नायू बलवान असला, तरी तो संथ असतो. धनुष्य त्या स्नायूने सावकाश केलेले काम आपल्या वाकात साठवते आणि एका क्षणात बाणाच्या स्वाधीन करते.

धनुष्याच्या मधोमध मूठ असते आणि तिच्या वर-खाली दोन भुजा. भुजेची जी बाजू लक्ष्याकडे असते तिला 'पाठ' म्हणतात, धनुर्धराकडील बाजूला 'पोट'. दोरी ओढली की भुजा वाकतात. पाठीचे तंतू ताणले जातात, पोटाचे तंतू दाबले जातात आणि मधल्या थरावर जवळजवळ काहीच ताण नसतो. बहुतेक लाकडे दाबापेक्षा ताण अधिक सोसतात. त्यामुळे पोट हळूहळू हार मानते. त्यावर बारीक आडव्या सुरकुत्या पडतात किंवा धनुष्य कायमचे वाकून बसते. पाठ मात्र एकदम हार मानते. तिचा एखादा तंतू कापला गेलेला असेल, तर तेथून ढलपी उचलली जाते आणि धनुष्याचे दोन तुकडे होतात. पोट तासायचे आणि पाठीला हात लावायचा नाही, हा या कामातील पहिला नियम त्यातून आला आहे.

दुसरी गोष्ट जाडीची. भुजेची रुंदी निम्मी केली तर तिचा ताठपणा निम्मा होतो. जाडीचे तसे नाही. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी दहा टक्क्यांनी कमी केली, तर ताठपणा सुमारे सत्तावीस टक्क्यांनी घटतो. बारा मिलिमीटर जाडीच्या भुजेवरून एखादा मिलिमीटर अधिक निघाला, तर डोळ्यांना तो फरक जाणवतही नाही. धनुष्याला मात्र तो जाणवतो. त्या जागी ते अधिक वाकते, अधिक वाकल्याने तेथे अधिक ताण येतो आणि शेवटी सारा भार त्याच एका जागेवर येऊन पडतो.

टोके का वळवायची?

दोरी काढून ठेवलेल्या रिकर्व्ह धनुष्याची टोके धनुर्धरापासून दूर, लक्ष्याच्या दिशेने वळलेली दिसतात. दोरी चढवली की ती टोकांच्या वळणावर टेकून बसते आणि ओढू लागल्यावर हळूहळू तेथून सुटते. त्यामुळे ओढीच्या प्रारंभीच धनुष्य चांगला प्रतिकार करते. साध्या धनुष्याची ओढ शेवटच्या काही इंचांत एकाएकी जड होते. येथे तो धक्का कमी असतो. अखेरचे वजन तेवढेच असूनही मधल्या सर्व अंतरात जास्त जोर लागलेला असल्याने साठवलेली ऊर्जा अधिक भरते.

हे आकड्यांतही पाहता येते. दोरी चढवलेल्या स्थितीत मुठीपासून ६ इंचांवर आहे, ती २८ इंचांपर्यंत ओढली आणि तेव्हा ३५ पौंड जोर लागला, असे मानू. हा जोर शून्यापासून सरळ रेषेत वाढत गेला असता, तर सुमारे ४३ ज्यूल ऊर्जा साठली असती. रिकर्व्हमध्ये जोराचा आलेख त्या सरळ रेषेच्या वर फुगतो आणि तेवढी भर बाणाच्या वाट्याला येते.

मध्य आशियातील घोडेस्वारांनी, तुर्कांनी आणि इराण्यांनी हे तत्त्व शिखराला नेले. त्यांच्या धनुष्यांत मध्ये लाकडाचा गाभा, पोटाला दाब सोसणारे शिंग आणि पाठीला ताण सोसणारे स्नायुतंतू असत. भारतालाही हा प्रकार जुना. विष्णूच्या धनुष्याचे 'शार्ङ्ग' हे नाव शृंग म्हणजे शिंग या शब्दावरून आले आहे. मराठी घरांतील 'शारंगधर' हे नाव त्याचीच आठवण. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील आयुधागाराच्या प्रकरणात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशा चार प्रकारच्या धनुष्यांचा उल्लेख आहे. शिंगाच्या धनुष्याचे दुखणे एकच. त्याला जोडणारा प्राणिज सरस दमट हवेत सैल पडतो.

आजच्या ऑलिम्पिकमध्ये ७० मीटरवर नेम धरला जातो, तो रिकर्व्हनेच. १९७२ मध्ये म्युनिक येथे तिरंदाजी ऑलिम्पिकमध्ये परतली, तेव्हापासून २०२४ पर्यंत वैयक्तिक आणि सांघिक स्पर्धा याच प्रकारात झाल्या. ती धनुष्ये मात्र धातूची मूठ आणि कार्बन वा काचतंतूंच्या भुजा अशी असतात. निव्वळ लाकडाच्या रिकर्व्हला ना शिंगाचा आधार, ना कार्बनचा. त्याला जे काही सोसायचे ते लाकडानेच सोसायचे असते. म्हणून पहिल्या धनुष्यात वळण मोठे ठेवण्याचा मोह टाळावा. टोकाचे पाच-सहा इंच आणि तेही सौम्य वळण, एवढे पुरेसे आहे.

लाकडाची पारख

उत्तर अमेरिकेत 'ओसेज ऑरेंज' नावाचे एक झाड आहे. फ्रेंच वसाहतवाल्यांनी त्याला जे नाव दिले, त्याचा अर्थ 'धनुष्याचे लाकूड' असा होतो. सह्याद्रीच्या पानझडी जंगलांत वाढणाऱ्या धामणीला संस्कृतात 'धन्वन' आणि 'धनुर्वृक्ष' म्हणतात. एकमेकांची गंधवार्ताही नसलेल्या दोन समाजांनी दोन वेगळ्या झाडांना एकाच कामावरून नाव द्यावे, हा योगायोग नव्हे. चिवट, लवचीक आणि सरळ रेषांचे लाकूड कोठेही असो, ते वाकवून पाहणारा माणूस तेथे असतोच. कुऱ्हाडीच्या दांड्यांसाठीही धामण वापरली जाते, ती याच गुणामुळे. युरोपात यू, एल्म आणि ॲश, अमेरिकेत हिकरी आणि मॅपल ही या कामातील जुनी लाकडे.

परवानगीशिवाय झाड तोडणे हा गुन्हा आहे. म्हणून नवशिक्याने लाकडाच्या वखारीची वाट धरावी, हे उत्तम. तेथे जातीपेक्षा रेषांकडे अधिक लक्ष द्यावे. फळीच्या एका टोकाला सुरू झालेल्या रेषा दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जायला हव्यात. त्या मध्येच तिरप्या होऊन कडेबाहेर निघून जात असतील, तर ती फळी कितीही देखणी असली तरी सोडून द्यावी. रेषा कडेबाहेर जाते म्हणजे तेथे तंतू कापला गेला आहे. अखंड ओंडका फोडून घेतलेल्या लाकडात आणखी एक सोय असते. झाडाची वार्षिक वलये स्पष्ट असतील, तर वरची वलये सोलत एकच वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड ठेवता येते आणि तीच धनुष्याची पाठ होते. आपल्याकडील अनेक झाडांत वलये पुसट असतात. अशा वेळी त्याच लाकडाचा छोटा तुकडा पटाशीने उभा फोडून पाहावा. लाकूड नेहमी तंतूंच्या दिशेने फुटते. रंधा मारलेला पृष्ठभाग डोळ्यांना फसवू शकतो, फुटलेला तुकडा फसवत नाही.

निर्दोष लाकूड मिळालेच नाही, तर आपल्या भागाला जवळचा असा एक मार्ग आहे, तो बांबूचा. बांबूच्या सालीलगतचे तंतू ताण सोसण्यात बहुतेक लाकडांना मागे टाकतात. सपाट तासलेली बांबूची पातळ पट्टी लाकडाच्या पाठीवर चांगल्या सरसाने चिकटवली, की पाठीची चिंता बरीच कमी होते. मात्र ही पट्टी जाड ठेवू नये. पाठ फार बलवान झाली तर पोट चिरडले जाते. सातपुड्यातील भिल्लांचा कामठा तर बांबूचाच असतो आणि त्याची दोरीही अनेकदा बांबूच्या चोयीची असते.

माप, वाळवण आणि मोसम

पहिल्या धनुष्याची माप ठरवताना उदारपणा दाखवावा. लांब धनुष्य थोडे संथ असते, पण ते चुका पोटात घालते. दोरी २८ इंच ओढायची असेल, तर ७० इंच लांबी योग्य ठरेल. मधल्या आठ इंचांत चार इंचांची जाड मूठ आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंचांचा उतार. हा भाग वाकत नाही. पुढे प्रत्येकी ३१ इंचांच्या भुजा. त्या अर्ध्यापर्यंत दोन इंच रुंद ठेवाव्यात आणि तेथून टोकाकडे निमुळत्या कराव्यात. टोके प्रारंभी पाऊण इंचाहून बारीक करू नयेत. दोरी मधोमध येते की नाही हे पाहिल्यानंतरच ती अर्ध्या इंचावर आणावीत. ओढीचे वजन तीस ते पस्तीस पौंडांचे ठरवावे. पन्नास पौंडांच्या धनुष्याची स्वप्ने दुसऱ्या धनुष्यासाठी राखून ठेवलेली बरी.

लाकूड ओले असेल तर ते मोडत नाही, परंतु वाकून तसेच बसते. फार कोरडे असेल तर ठिसूळ होते. आठ ते दहा टक्के आर्द्रता ही साधारण योग्य समजली जाते. ताज्या ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना मेण किंवा रंग लावून तो सावलीत ठेवावा लागतो, नाहीतर तोंडाकडून भेगा आत शिरतात. अखंड लाकूड वाळायला वर्षभर लागू शकते. धनुष्याचा ढोबळ आकार कापून घेतला, तर तेच काम काही आठवड्यांत होते. आर्द्रता मोजण्याचे यंत्र नसेल, तर तराजू पुरतो. दर दोन-तीन दिवसांनी वजन करावे आणि ते उतरायचे थांबले की लाकूड त्या खोलीच्या हवेशी जुळले, असे समजावे. कोकणातील पावसाळ्यात ही हवाच दमट असते. त्यामुळे ढोबळ तासणी पावसाळ्यात केली तरी धनुष्य वाकवण्याचे काम हिवाळ्या-उन्हाळ्यासाठी ठेवणे शहाणपणाचे.

वाफ आणि साचा

टोके वळवण्याचे काम भुजा पूर्ण तासण्यापूर्वी उरकतात. टोकाची जाडी दहा ते बारा मिलिमीटरवर आणायची आणि झाकलेल्या भांड्यात ते टोक पाऊण ते एक तास वाफेवर ठेवायचे. उष्णता आणि ओलावा मिळाला की तंतूंना एकत्र बांधून ठेवणारे द्रव्य मऊ पडते आणि लाकूड काही क्षण आज्ञाधारक होते. हे क्षण मोजकेच. भांड्यातून बाहेर काढल्यापासून अर्ध्या मिनिटात टोक साच्यावर बसले पाहिजे. त्यामुळे साचा, क्लँप आणि हातमोजे आधीच मांडून ठेवावेत. शक्य तर टाकाऊ तुकड्यावर एकदा तालीम करावी.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. टोक पाठीकडे वळते, म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूला पाठ येते आणि बाहेरच्या बाजूला पोट. वळवताना ढलपी उचलण्याचा धोका पोटाकडून असतो. तेथे पातळ पत्र्याची पट्टी ठेवून क्लँप आवळला, तर तंतू दबून राहतात. साच्यातून काढल्यावर वळण थोडे उलगडतेच. म्हणून साचाच थोडा अधिक वळणाचा करावा आणि दोन्ही टोकांना तोच वापरावा. एक दिवस साच्यात आणि त्यानंतर किमान आठवडाभर वाळवण. ओलसर टोकांवर ताण दिला, तर आठवड्याची मेहनत उलगडून जाते.

वाळल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी ताणून पाहावी. ती मुठीच्या मध्यावरून गेली पाहिजे. ती कडेला जात असेल तर त्याच वेळी पुन्हा वाफ देऊन टोक सरळ करावे. साध्या धनुष्यात हा दोष खपून जातो. रिकर्व्हमध्ये वळलेले टोक तरफेसारखे काम करते, भुजेला पिळते आणि भर ओढीत दोरी सटकून धनुष्य उलटू शकते.

वाकायला शिकवणे

येथवर झालेली वस्तू धनुष्यासारखी दिसते, पण ती धनुष्य नसते. दोन्ही भुजा सारख्या आणि प्रत्येक भुजा सर्वत्र योग्य प्रमाणात वाकेल, इतके लाकूड पोटाकडून काढत जाणे याला इंग्रजी कारागीर 'टिलरिंग' म्हणतात. सगळा खेळ या टप्प्यात आहे. येथे घालवलेला एखादा आठवडा कधीही वाया जात नाही.

प्रारंभी टोक जमिनीवर टेकवून, मूठ दाबून भुजा किंचित वाकते का, हे पाहतात. ती वाकू लागली की लांब, सैल दोरी बांधून धनुष्य भिंतीवरील खुंटीवर मुठीने आडवे टेकवतात. दोरीला कप्पीवरून दुसरी दोरी बांधून ते आठ-दहा फूट लांब उभे राहून ओढतात. लांब उभे राहण्याचा एक फायदा म्हणजे दोन्ही भुजांचा वाक एका नजरेत दिसतो. दुसरा फायदा धनुष्य मोडल्यावर कळतो.

या कामाचे नियम थोडे आहेत, पण ते मोडण्याची शिक्षा ठरलेली आहे. जी जागा ताठ आहे तेथेच तासावे. जी जागा वाकते आहे तिला हात लावू नये. ताठ जागांवर पेन्सिलीने खुणा कराव्यात आणि खूण पुसली जाईल एवढेच लाकूड कानशीने किंवा खरवडणीने काढावे. प्रत्येक वेळी खरवडल्यानंतर धनुष्य वीस-तीस वेळा हळूहळू ओढून सोडावे. लाकडाला नवा वाक अंगवळणी पडायला तेवढा वेळ लागतो. तोपर्यंत दिसणारा आकार खरा नसतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ठरवलेल्या वजनापेक्षा अधिक जोर कधीही लावू नये. पस्तीस पौंडांचे धनुष्य करायचे आहे आणि वीस इंचांवरच काटा पस्तीस दाखवतो, तर तेथेच थांबावे. खरवडावे, पुन्हा ओढावे. काटा पस्तीसवरच ठेवून अंतर एकवीस, बावीस, तेवीस असे वाढवत न्यावे. चुकीचा आकार दिसत असताना एक इंचही पुढे ओढू नये, कारण पुढचा प्रत्येक इंच त्या चुकीवरच भार टाकतो.

सर्वांत घातक चूक म्हणजे बिजागरी. भुजेवर एखादी जागा दारासारखी दुमडू लागते. पाहणाऱ्याचा हात आपोआप तेथेच जातो आणि तेच चुकीचे असते. बिजागरीला स्पर्शही न करता तिच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढावे लागते, म्हणजे वाक तिकडे वाटला जातो. त्यात काही पौंड वजन गमवावे लागते. पस्तीसऐवजी अठ्ठावीस पौंडांचे धनुष्य होईल, पण ते धनुष्य होईल. हे गमावणे ज्याला मान्य होत नाही, त्याच्याकडे शेवटी दोन तुकडे उरतात.

खालची भुजा वरच्या भुजेपेक्षा किंचित ताठ ठेवण्याची प्रथा आहे. बाण मुठीच्या वरून सुटतो आणि हाताचा दाब त्याच्या खाली पडतो, त्यामुळे हा फरक ठेवला की दोन्ही भुजा एकाच क्षणी परततात. रिकर्व्हची वळलेली टोके स्वतः वाकू द्यायची नसतात. ती ताठ राहतील आणि त्यांच्या आतला भाग गोलाईने वाकेल, असा आकार हवा. दोरी काढल्यावर भुजा एखादा इंच पोटाकडे वाकलेल्या दिसल्या तर ते स्वाभाविक. दोन-तीन इंच दिसल्या, तर लाकूड ओलसर होते किंवा त्यावर झेपेल त्याहून अधिक ताण पडला, असे समजावे. काम चालू असताना 'टिक्' असा बारीक आवाज आला, तर तत्काळ थांबून पाठीवरून कापूस फिरवावा. जेथे तो अडकतो, तेथे ढलपी उठू लागलेली असते.

जीवा

दोरीसाठी अर्थशास्त्रात मूर्वा, रुई, ताग, बांबू आणि स्नायू अशा वस्तू सांगितल्या आहेत. शाळेच्या भूमितीत वर्तुळाच्या कंसाची दोन टोके जोडणाऱ्या रेषेला 'जीवा' म्हणतात. तो शब्द मुळात धनुष्याच्या दोरीचा. आज लाकडी धनुष्याला पॉलिएस्टरचा, 'डेक्रॉन' नावाने मिळणारा धागा सोयीचा पडतो. पस्तीस पौंडांना बारा ते चौदा पदर पुरतात. हा धागा किंचित ताणतो आणि टोकांना बसणारा हादरा सौम्य करतो. न ताणणारे आधुनिक धागे बाण वेगाने फेकतात, पण मजबुती न दिलेल्या लाकडी टोकांना ते फोडू शकतात. वळणाच्या पोटावर दोरी बसण्यासाठी उथळ पन्हळ कोरावी आणि दोरी चढवताना धनुष्य पायात अडकवून पिळू नये. दोन्ही टोकांत अडकणाऱ्या जादा दोरीवर पाय देऊन मूठ वर उचलणे, ही सुरक्षित रीत.

सर्व कडा गोल करून, पॉलिश पेपर फिरवून तेल किंवा वार्निशचे दोन-तीन हात दिले की काम पुरे झाले. नवे धनुष्य प्रथम अपुऱ्या ओढीवर चालवावे. बाण न लावता दोरी सोडणे सर्वथा वर्ज्य, कारण बाणाने न्यायची ऊर्जा मग धनुष्याच्याच अंगावर येते. पूर्ण ओढून फार वेळ धरू नये आणि काम झाले की दोरी उतरवावी. मागे भक्कम आडोसा आणि समोर मोकळे मैदान असल्याशिवाय बाण सोडू नये. आणि नेम लक्ष्यफलकावरच धरावा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून लागू आहे.

हातातून हातात

१९११ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ एक एकाकी माणूस डोंगरातून उतरून आला. याही जमातीचा तो शेवटचा वंशज होता. त्याचे बाकीचे लोक हत्याकांडांत आणि उपासमारीत संपले होते. त्याला 'इशी' म्हणण्यात येऊ लागले. सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या संग्रहालयात राहत असताना त्याची सॅक्सटन पोप या शल्यविशारदाशी मैत्री झाली. इशी ज्युनिपरच्या लाकडाचे, पाठीवर स्नायुतंतू चिकटवलेले आखूड धनुष्य करीत असे आणि पोप शेजारी बसून पाहत, टिपत, शिकत असत. १९१६ मध्ये क्षयाने इशीचे निधन झाले. १९२३ मध्ये पोप यांनी धनुष्यबाणावर पुस्तक लिहिले आणि त्यातून अमेरिकेतील हौशी कारागिरांची एक पिढी उभी राहिली. ती मैत्री झाली नसती, तर हजारो वर्षांचे ते ज्ञान इशीबरोबरच गेले असते.

आपल्याकडे कामठा करणारे हात अजून आहेत. सातपुड्यात, जव्हार-मोखाड्याकडे बांबू कोणत्या महिन्यात तोडावा, तो किती वाळवावा आणि कोठे तासायचे थांबवावे, हे जाणणारी जुनी माणसे आहेत. पुस्तकात इंच आणि पौंड लिहिता येतात. खरवडणी लाकडावरून फिरताना बदलणारा आवाज आणि तळहाताला लागणारा ताठपणा तेथे उतरत नाही. ज्याला पहिले धनुष्य करायचे आहे, त्याने अशा एखाद्या हाताजवळ दोन दिवस बसावे. त्या दोन दिवसांत जे दिसेल, त्याने एखादे धनुष्य नक्कीच वाचेल.

आणि एवढे करूनही पहिले धनुष्य मोडलेच, तर ते जाळून टाकू नये. तुकडे जुळवून पाहावेत. मोड कोठे सुरू झाली, पाठीकडून की पोटाकडून, रेषा तेथे तिरपी होती का, जाडी तेथे किती भरते, या प्रश्नांची उत्तरे त्या तुकड्यांत असतात आणि दुसरे धनुष्य त्यांच्याच आधारे उभे राहते. ओत्सीच्या धनुष्यावरील कुऱ्हाडीचे घाव आज संशोधक एकेक करून वाचतात. त्याला ते पुरे करायला वेळ मिळाला नाही. आजच्या कारागिराजवळ वेळ आहे. त्याने तो पूर्ण वापरावा.